घड्याळातलं स्वल्प

५ जानेवारी २०२६, सोमवार

आज माझ्यावर जो अन्याय झाला त्याची दखल इतिहास घेणार नाही, तेव्हा या वहीने तरी घ्यावी. कॅन्टीनमधल्या नव्या कॉफीच्या यंत्राने मला ओळखायला नकार दिला.

बोम्मसंद्र्याच्या या शर्टांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं आहे. परवापर्यंत इथे पितळी फिल्टर होता आणि त्याच्यामागे नागनाथ होता. नागनाथला चेहरा दाखवावा लागत नसे, माझ्या बुटांच्या आवाजावर तो कप पुढे करायचा. आता त्याच्या जागी फ्रिजएवढं एक यंत्र उभं आहे. त्याच्यासमोर तोंड धरायचं, ओळख पटली की कप भरतो, माणशी दिवसाला दोन. मी तोंड धरलं. चष्म्यासकट धरलं, चष्मा काढून धरलं, शेवटी हसूनही पाहिलं, जे मी कंपनीच्या वेळात सहसा करत नाही. यंत्राचं म्हणणं एकच: ‘चेहरा जुळत नाही.’ कोणाशी जुळत नाही, ते सांगत नाही.

मागे तीस बायकांची रांग. एकीने कन्नडमध्ये विचारलं, सर फोटो काढताहेत का. सगळ्या हसल्या.

“सरका की स्वल्प,” म्हणून भागीरथीबाई पुढे आल्या, आपला चेहरा दाखवला, भरलेला कप माझ्या हातात दिला. “घ्या तम्मा. माझ्या तोंडाची कॉफी.”

भागीरथीबाई चार नंबर लाइनवर कॉलर जोडतात. वय सत्तावन्न. चार पिढ्या बेंगळुरूत काढलेलं मराठी घर, त्यामुळे मराठीत कन्नड इतकं मुरलंय की वेगळं काढता येत नाही. शिवणीच्या मजल्यावर मला ‘सर’ म्हणतात, मजल्याबाहेर ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांना अक्का म्हणतो.

“उद्या परत करतो,” मी म्हटलं.

“कसं करणार? तोंड कुठंय तुम्हाला?”

एक कप देणं लागतो. नोंद केली.

८ जानेवारी, गुरुवार

कॉफीच्या यंत्राची तक्रार करायला वर गेलो तर कळलं की ते यंत्र म्हणजे नुसती सलामी होती. आज चार नंबर लाइनवर कॅमेरे बसले. चाळीस मशिनं, चाळीस बायका, प्रत्येकीच्या हातांवर वरून एक डोळा.

कॅमेऱ्यांबरोबर शलाका आली आहे. पुण्याची, चौतिशीची, कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीची माणूस. हुशार आहे आणि दुर्दैवाने चांगलीही आहे, त्यामुळे मनसोक्त राग धरता येत नाही.

“सर, तुम्ही स्टॉपवॉच घेऊन दिवसाला किती ऑब्झर्व्हेशन्स घेता?”

“वीस. फार तर पंचवीस.”

“आमचा एक कॅमेरा सातशे घेतो.” तिने हे फुशारकीने सांगितलं नाही, पाऊस किती मिलिमीटर पडला ते सांगावं तसं सांगितलं.

“मग मी काय करायचं?”

“तुम्ही हायर व्हॅल्यू काम करायचं, सर.”

“म्हणजे कोणतं?”

“ते अजून डिफाइन होतंय.”

तर मी कोण, हे इथे लिहून ठेवतो, पुढेमागे यंत्राने विचारलं तर उपयोगी पडेल. मी टाइम स्टडीवाला. इचलकरंजीत कापडाचं शिकलो आणि इथे येऊन घड्याळ घेऊन बायकांच्या मागे उभा राहिलो. एक कॉलर जोडायला किती सेकंद लागतात, एक काज करायला किती, ते मी ठरवतो. त्यावरून तासाचं टार्गेट ठरतं, टार्गेटवरून ऑर्डरचा भाव. या कारखान्यातला प्रत्येक सेकंद माझ्या सहीचा आहे.

शलाकाला सव्वीस वर्षांचे माझे सगळे तक्ते हवे आहेत. कॅमेऱ्याला शिकवायला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कोणी मागितलेच नव्हते आजवर. कपाटाची किल्ली काढून दिली.

घरी येताना मेट्रोत बसल्यावर वाटलं, किल्ली परत मागून घ्यावी.

११ जानेवारी, रविवार

बायको, हेमलता, लॅबमध्ये गेली आहे. रविवारचीही जाते, सरकारी शास्त्रज्ञ आहे, तिच्याकडे अजून कॅमेरे पोचायचे आहेत. मारतहळ्ळीच्या या सहाव्या मजल्यावरच्या घरात मी, ही वही आणि खालचा हॉर्नचा गोंगाट. आता लिहितोच.

त्या तक्त्यांत एक गोष्ट आहे.

साल २०००, माझा पहिला आठवडा. मी भागीरथीबाईंच्या मागे दोन तास घड्याळ घेऊन उभा. कॉलर जोडायला छत्तीस सेकंद. त्या मान न वळवता म्हणाल्या, “यात पाणी पिणं धरलं?”

“पाच टक्के सूट असते बाई.”

“मान धरली तर?”

“तेही त्यातच.”

“आणि पोरगं शाळेत पडलं म्हणून निरोप आला, पुढच्या दोन कॉलरींना हात थरथरला, ते कशात?”

संध्याकाळी तक्त्यावर मी छत्तीसच्या जागी चाळीस लिहिलं. मनात त्याला नाव दिलं स्वल्प. थोडंसं. तेव्हापासून काज असो, बटण असो, कफ असो, प्रत्येक कामात मी आपल्या हाताने स्वल्प मिसळत आलो. दहातलं एक. कोणाला सांगितलं नाही. हेमलतालाही नाही.

मी यंत्रांच्या विरुद्ध नाही. २००९ साली आपोआप धागा कापणारी मशिनं आली. आधी प्रत्येक शिवणीला कात्री उचलायची, ठेवायची. ते गेलं. तीन सेकंद वाचले, आणि बायकांची मनगटंही वाचली. शर्ट वाढले, पगार थोडे वाढले, मालकाने दुसरी इमारत बांधली. सगळ्यांचं भलं झालं आणि माझे तक्ते मी आनंदाने नवे केले. त्या यंत्राने काम उचललं होतं. हे नवं यंत्र काहीच उचलत नाही. ते वरून बघतं.

आणि आता बघेल की माझा प्रत्येक आकडा एकाच मापाने फुगलेला आहे. चूक असती तर इकडेतिकडे झाली असती. सव्वीस वर्षं एकसारखी झालेली चूक, तिला चूक कोण म्हणेल?

१६ जानेवारी, शुक्रवार

काल संक्रांतीची सुट्टी, आज एम.डी. किरणकुमारांचं भाषण. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. देशाची वाढ, उद्योगाची वाढ, माणशी तासाला किती शर्ट. “आपण वाढलो नाही तर ऑर्डर समुद्रापलीकडे जाईल,” ते म्हणाले, आणि हे मात्र खरं आहे. दोन वर्षांत शेजारचे दोन कारखाने बंद पडलेले मी पाहिलेत. एकाच्या गेटवर आता रोपवाटिका आहे.

मग जाहीर केलं: सोमवार ते बुधवार तीन दिवस चार नंबर लाइनची मोजणी.

भाषणानंतर शलाकाने मला दुसऱ्या गावातल्या एका कारखान्याचा आलेख दाखवला. तिथल्या बायका आमच्याहून वेगवान. “तुमची लाइन स्वल्प स्लो दिसते, सर,” ती म्हणाली. आठ दिवसांत शब्द उचलला पोरीने. मला नेमका तो शब्द, नेमका तिच्या तोंडून, लागला.

मी सरळ लाइनवर गेलो आणि चाळीसजणींना सांगितलं, तीन दिवस पळा. दाखवून द्या.

भागीरथीबाईंनी सुई थांबवली. “खरंच पळायचं, सर? इतकी वर्षं घड्याळासमोर पळू नका म्हणून आम्हाला शहाण्या बायकांनी शिकवलं.”

“घाबरू नका. पळालात तरी नॉर्म बदलत नाही.”

आणि नॉर्म, म्हणजे कामाला धरलेली वेळ, बदलत नाहीच. टाइम स्टडीत नुसते सेकंद मोजून भागत नाही. बाई पळत असेल तर वेग एकशे वीस टक्के लिहायचा आणि सेकंद त्या मापाने वाढवून घ्यायचे. रेंगाळत असेल तर ऐंशी लिहायचा, कमी करायचे. याला रेटिंग म्हणतात. हे ज्याला येत नाही त्याच्या हातात कोणी घड्याळ देत नाही. पहिल्या वर्षाला शिकवतात.

२१ जानेवारी, बुधवार

विजय! चार नंबर लाइनने तीन दिवसांत जे केलं ते या इमारतीत कोणी पाहिलं नव्हतं. भागीरथीबाईंची कॉलर एकतीस सेकंदांत. एकतीस! सत्तावन्नाव्या वर्षी! एम.डी. स्वतः खाली आले, म्हैसूरपाक वाटला, फोटो झाले.

“आता मान तुम्ही दाबून देणार काय, तम्मा?” भागीरथीबाई कॉफीच्या यंत्रापाशी म्हणाल्या. त्या डोकं वळवत नव्हत्या, अख्ख्या वळत होत्या. “आमच्या गुंडूरावांना सांगितलं, आज स्वयंपाक नाही, म्हैसूरपाक जेवा. तर म्हणतात, डायलिसिसवाल्याला गोड घालून मारतेस काय.”

त्यांच्या चेहऱ्याची सातवी कॉफी प्यालो.

२२ जानेवारी, गुरुवार

शलाकाला सहज विचारलं, “रेटिंग किती धरलंत?”

“रेटिंग म्हणजे, सर?”

२७ जानेवारी, मंगळवार

पाच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. हात जात नव्हता.

प्रत्येक मशिनवर आता पोस्टकार्डाएवढा पडदा आहे. पीस वेळेत झाला की हिरवा, नाही झाला की लाल. कॉलरची वेळ एकतीस सेकंद. तीन दिवसांची शर्यत आता रोजचं चालणं झाली आहे. तीन आठवडे पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली राहिलेल्यांची यादी होणार आणि यादीतल्यांना काढणार.

भागीरथीबाई अठ्ठ्याहत्तरवर आहेत.

त्यांना निवृत्तीला दहा महिने आहेत. अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाल्या तर विम्याचं दवाखान्याचं कार्ड नवरा-बायको दोघांनाही पुढे चालू राहतं. काढल्या गेल्या तर नाही. गुंडूराव आठवड्यातून तीनदा त्या कार्डावर डायलिसिसला जातात. हे मला माहीत आहे कारण दोन वर्षांपूर्वी त्याचा अर्ज मीच भरून दिला होता.

आज मी लाइनमधून चाललो तर एकीनेही वर पाहिलं नाही. वर पाहायला वेळच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पाण्याच्या पिंपाशी कोणी नव्हतं. पिंप काठोकाठ भरलेलं.

दुपारी यंत्रासमोर उभा होतो. भागीरथीबाई आल्या, चेहरा दाखवला, कप माझ्या हातात ठेवला आणि मशिनकडे परत गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर प्यायला सोपं गेलं असतं.

अकरा झाले. आता त्या यंत्राकडे मी जाणार नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

चेकिंगच्या टेबलावर ढीग पाहिला. वाकड्या कॉलरींचे शर्ट, उसवून परत शिवायला. पूर्वी शंभरात दोन यायचे, आता बारा. वर, पडद्यावर, रेघ चढते आहे. खाली ढीग चढतो आहे. दोन्ही एकाच वेळी कसं, ते विचारणं माझं काम. विचारलं नाही.

कारण चार वाजता शलाका माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. दार लोटून घेतलं.

“सर, एक विचारू? तुमचे जुने तक्ते कॅमेऱ्याशी लावून पाहिले. शर्यतीचे तीन दिवस सोडा, साध्या दिवसांशी लावले. प्रत्येक ऑपरेशनला दहा टक्के जास्त आहेत. प्रत्येक. असं नैसर्गिकरीत्या होत नाही.”

“घड्याळ जुनं होतं,” मी म्हटलं. माझ्या आयुष्यातला सर्वांत भिकार विनोद.

ती हसली नाही. “मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. गुरुवारी मीटिंग आहे.”

मी बावन्न वर्षांचा. सेकंद मोजणं सोडून मला काही येत नाही, आणि सेकंद आता छताला टांगलेला डोळा मोजतो. घरी जेवताना हेमलता म्हणाली, “अरे, ताटाकडे बघ, घड्याळाकडे काय बघतोस?” मी घड्याळाकडे बघत नव्हतो. घड्याळाच्या वर भिंतीच्या कोपऱ्यात काही बसवलंय का ते बघत होतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुटलो.

मीटिंगला गेलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. एम.डी., एच.आर.च्या श्वेता मॅडम, शलाका. मी तोंड उघडायच्या आत एम.डी. म्हणाले, “रत्नाकर, बसा. तुमच्यासाठी वाईट वाटतं.” मला वाटलं, संपलं. तर ते पुढे म्हणाले, “या बायकांनी तुम्हाला सव्वीस वर्षं फसवलं.”

काल भागीरथीबाई आपण होऊन श्वेता मॅडमकडे गेल्या होत्या. लिहून दिलं: सर घड्याळ घेऊन आले की हात सावकाश चालवायचा, असं मीच सगळ्यांना शिकवत आले. सरांना ठाऊक नाही. खाली सही.

म्हणजे दहा टक्के असे आले! मी आपलं मिसळत होतो माझं स्वल्प, आणि खाली त्या त्यांचं मिसळत होत्या! सव्वीस वर्षं मी ज्या बाईच्या मानेची काळजी केली, तिने माझ्या घड्याळाशी खेळ केला. राग आला. खरंच आला. मी तसं बोलूनही दाखवलं. “अशी अपेक्षा नव्हती,” म्हटलं. शलाका टेबलाकडे पाहत होती.

मला के. आर. पुरमच्या युनिटवर कॅमेरे बसवायची जबाबदारी मिळते आहे. पदाचं नाव मोठं आहे. हायर व्हॅल्यू शेवटी डिफाइन झालं.

आज रात्री झोप लागेल. तीन आठवड्यांनी.

९ फेब्रुवारी, सोमवार

भागीरथीबाईंच्या स्टुलावर त्यांची उशी आहे, त्या नाहीत. चौकशी पुरी होईपर्यंत घरी. मग काढणार.

मी एक गणित करत बसलो होतो. त्या सावकाश हात चालवत असतील, आणि वर माझं स्वल्प, तर तक्ते वीस टक्क्यांनी फुगायला हवेत. दहानेच फुगलेत. कुठेतरी माझं चुकत असेल. सोडून दिलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सोडू दिलं नाही.

भव्या म्हणून एक आहे, भागीरथीबाईंच्या शेजारी कफ शिवते, त्यांच्याच नात्यातली. जिन्यात आडवी आली.

“सर, के. आर. पुरमला चाललात म्हणे. पेढे कधी?”

“भव्या, हे बघ, त्यांनी स्वतः लिहून दिलंय.”

“काय लिहून दिलं? अक्कांचा हात सावकाश चालतो म्हणून? तुम्ही पाहिलाय तो हात. सव्वीस वर्षं मागं उभे होता. सावकाश चालताना कधी पाहिलाय?”

मी बाजूने उतरू पाहिलं, ती हलली नाही.

“मी कामाला लागले त्या दिवशी अक्का काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, ते घड्याळवाले सर येतील, भिऊ नको. त्यांच्या घड्याळात स्वल्प जास्त असतं. कोणाला बोलायचं नाही, बोललं तर त्यांची नोकरी जाईल. मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, सर. अकरा वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्यांनाही ठाऊक आहे. एक तुम्हालाच वाटत होतं की कोणाला ठाऊक नाही.”

वरून कोणीतरी येत होतं. ती भिंतीला लागून खाली गेली, पुन्हा वर आली.

“तुमचे तक्ते तपासताहेत हे खाली कळलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, मी तशी पण लाल यादीत जाणारच. जाता जाता एकाला तरी ठेवून जाते. तो राहिला तर पोरींना स्वल्प मिळेल.”

जिन्यात मी किती वेळ उभा होतो, मोजलं नाही. गुरुवारच्या ‘अशी अपेक्षा नव्हती’ची आठवण होऊन कानापर्यंत तापलो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हेमलताला सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांचं. ती बराच वेळ भेंडी चिरत राहिली.

“म्हणजे खोटे आकडे लिहीत होतास.”

“हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू शास्त्रज्ञ. आकड्यांबाबत तुझी मतं कडक.”

“आहेतच कडक,” ती म्हणाली. “पण तीन दिवस पळवून घेतलेला आकडा खरा, असं माझ्या लॅबमध्ये म्हटलं तर मला बाहेर काढतील.”

पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा पाच पानी, फार सुंदर. त्यात देशाची वाढ होती, वाचलेला सेकंद नेमका कोणाच्या खिशात जातो याची चिकित्सा होती, कॉफीच्या यंत्रावर दोन परिच्छेद होते. हेमलताने वाचला. “छान आहे. यात तू काय केलंस ते कुठेय?”

दुसरा मसुदा अडीच पानी. तिने चष्मा काढून नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तिसरा असा: तक्त्यांतले दहा टक्के मी माझ्या हाताने वाढवले. भागीरथीबाईंचा त्यात हात नाही, त्यांचं लेखी खोटं आहे आणि ते माझ्यासाठी दिलेलं आहे. १९ ते २१ जानेवारीला लाइन माझ्या सांगण्यावरून पळाली. तो वेग रोजचा धरणं चूक आहे आणि ती चूक माझी आहे.

भीती वाटते. हेही लिहून ठेवतो. पत्र बॅगेत ठेवलं, बाहेर काढलं, परत ठेवलं. उद्या सकाळी मेट्रोत बॅग विसरावी असा एक विचार आला, तो झोपायच्या खोलीपर्यंत माझ्याबरोबर आला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बॅग विसरलो नाही.

एम.डीं.नी पत्र दोनदा वाचलं. ओरडतील वाटलं होतं, ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं.

“रत्नाकर, ऑर्डर बाहेर गेली तर तुमचं हे स्वल्प घेऊन मी काय करू? चाळीस नाही, नऊशे बायका घरी बसतील.”

“सर, गेले तीन आठवडे शंभरातले बारा शर्ट आपण दोनदा शिवतोय. कॅमेरा शिवलेला मोजतो. उसवलेला मोजत नाही.”

ते शेजारी बसलेल्या शलाकाकडे वळले. मला वाटलं ती आपल्या यंत्राची बाजू घेईल. ती म्हणाली, “टेक्निकली सर बरोबर आहेत. ते तीन दिवस मॉडेलमध्ये ठेवले तर शिपमेंटच्या तारखा चुकणार. मी सोमवारीच मेल केली होती. कोणी उघडली नाही.”

ठरलं ते असं. सोमवारपासून चार आठवडे पुन्हा मोजणी. कोणी पळायचं नाही, कोणी थांबायचं नाही, रोज जसं असतं तसं. लाल यादी रद्द. भागीरथीबाईंवरची चौकशी बंद, सोमवारी कामावर. मोजणीनंतर जे निघेल ते सगळ्यांना लागू, त्यांनाही. तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही.

आणि मी. “खोटी सही केलेला माणूस मी कसा ठेवू, तुम्हीच सांगा,” एम.डी. म्हणाले. माझा शेवटचा दिवस अठ्ठावीस फेब्रुवारी.

निघताना जिना कठडा धरून उतरलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

भागीरथीबाई आल्या. उशी झटकली, बसल्या, चष्मा लावला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी जवळ गेलो तेव्हा मान न वळवता म्हणाल्या, “शहाणपणा कोणी सांगितला होता?”

“तुम्हाला कोणी सांगितला होता?”

“मी म्हातारी. तुमचं अजून घर चालायचंय.” सुई चालूच. “हेमलताबाई काय म्हणाल्या?”

“भेंडी चिरली.”

“सरी,” त्या म्हणाल्या. म्हणजे ठीक.

अकरा वाजता मी तीन आठवड्यांनी कॉफीच्या यंत्रासमोर उभा राहिलो. सवयीने चष्मा काढायला हात वर नेला. यंत्राने निळा दिवा लावला, कप भरला आणि पडद्यावर माझं नाव आलं, स्वागतासकट. काहीतरी दुरुस्त झालं असणार. बारा दिवसांसाठी माझा चेहरा जुळतो.

कप घेऊन मी चार नंबर लाइनवर गेलो. पांढऱ्या कापडाजवळ कॉफी नेता येत नाही, म्हणून वाटेतच उभा राहिलो. त्यांना उठून दोन पावलं यावं लागलं.

“हे काय?”

“अकरातला एक.”

“वर डोळा आहे, तम्मा.”

शलाका पलीकडे लॅपटॉप घेऊन बसली होती. मी तिला मोठ्याने विचारलं, “रोज जसं असतं तसं मोजायचं ना?”

“हो, सर,” तिनेही मोठ्याने उत्तर दिलं. “माणसं उठतात, पितात, बसतात. दिसेल ते धरायचं.”

चारला दुसरा नेला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आठ झाले. भव्याने विचारलं, सर फक्त अक्कांनाच का. पिंपाशी आज रांग होती. पाण्यासाठी रांग बघून कोणाला इतकं बरं वाटलं नसेल.

अजूनही पहाटे जाग येते आणि अठ्ठावीस तारीख छातीवर बसलेली असते. हेमलता म्हणते, के. आर. पुरमकडे लहान लहान शिवणकामाचे कारखाने आहेत, विचारून बघ. बघेन. तिथेही छताला काय टांगलंय ते आधी बघेन.

२१ फेब्रुवारी, शनिवार

अकरावा.

भागीरथीबाईंनी वाटेत उभं राहून कप घेतला. मशिनवरचा पडदा लाल झाला होता, त्याच्याकडे त्यांची पाठ होती. पहिल्यांदाच त्यांनी घाईने घोट घेतला नाही. कॉफीवर फुंकर घातली. गुंडूरावांचं पाण्याचं पथ्य सांगितलं, दिवसाला मोजून दोन भांडी, आणि त्यांनी काल चोरून तिसरं प्यायलं ते. मधेच मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. ती वळत होती.

“नागनाथच्या कॉफीची सर नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

कप रिकामा करून त्यांनी माझ्या हातात दिला आणि आत जाऊन बसल्या.

सव्वीस वर्षं या बाईच्या प्रत्येक हालचालीला किती सेकंद लागतात ते मी लिहीत आलो. या कॉफीला किती लागले, ते वरच्या डोळ्याला विचारावं. माझं घड्याळ टेबलाच्या खणात होतं.